दर सोमवारी ‘नेट गेलं’: गोदामातील बारकोड टर्मिनल नेटवर्कला का जोडली जात नाहीत

तुर्भे एमआयडीसीतील ज्या गोदामाचे संगणक आणि नेटवर्क मी सांभाळतो, तेथे मालाची आवक, रॅकवरील जागा आणि पाठवणी या सगळ्यांच्या नोंदी हातात धरायच्या बारकोड टर्मिनलवर होतात. अशी बारा टर्मिनल आहेत. कामगार त्यांना ‘गन’ म्हणतात आणि पुढे मीही अधूनमधून तोच शब्द वापरला आहे. जवळजवळ चार महिने असा प्रकार चालू होता की सोमवारी सकाळी आठची पाळी सुरू झाली की या बारांपैकी चार-पाच गन वाय-फायला जोडल्याच जात नसत, आणि मंगळवारपासून शनिवारपर्यंत मात्र तीच यंत्रे निमूटपणे चालत. सोमवारी न्हावा-शेवाहून आलेले कंटेनर आणि भिवंडीकडे जाणारे टेम्पो एकाच वेळी धक्क्याला लागलेले असतात, त्यामुळे नेमक्या त्या तासाभरात नोंदी कागदावर कराव्या लागत आणि दुपारी त्या पुन्हा संगणकात भराव्या लागत. सुपरवायझरचा फोन ठरलेला असे: “साहेब, परत नेट गेलं.”

आम्ही आधी जे उपाय केले ते कोणीही केले असते तसेच होते आणि बहुतेक निरुपयोगी होते. राउटर बंद करून चालू केला. धक्क्याजवळचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल पसरवणारे यंत्र, बदलला. वाय-फायचा पासवर्ड पुन्हा घातला. काही वेळा, सगळे थकल्यावर, टर्मिनल फॅक्टरी रीसेट करून, म्हणजे कारखान्यातून आले तशा मूळ स्थितीत नेऊन, त्यावर सगळी मांडणी (सेटिंग्ज) नव्याने चढवली, आणि या शेवटच्या उपायाने यंत्र खरोखरच जोडले जाई. त्यामुळे आमचा असा ठाम समज झाला की यंत्रातले सॉफ्टवेअर आठवडाभरात बिघडते आणि रीसेट केल्याने दुरुस्त होते. हा समज चुकीचा होता, पण तो का चुकीचा होता हे कळायला बराच काळ गेला.

घड्याळात पाच वाजून एकेचाळीस मिनिटे

कलाटणी मिळाली ती एका साध्या वहीमुळे. चार्जिंगच्या क्रेडलशेजारी एक वही दोरीने बांधून ठेवली आणि सुपरवायझरला इतकेच सांगितले की ‘नेट गेलं’ असे न लिहिता गनचा क्रमांक, वेळ आणि उभे असल्याची जागा लिहायची. तीन सोमवार झाल्यावर वहीत ३, ४, ७, ९ आणि ११ हे क्रमांक पुन्हा पुन्हा दिसू लागले, आणि जागा मात्र वेगवेगळ्या होत्या. नेटवर्क बिघडले असते तर बाराही गन कमी-अधिक प्रमाणात अडकल्या असत्या. ठरावीक पाचच अडकतात याचा अर्थ दोष हवेत नसून त्या पाच यंत्रांत आहे, हे तेव्हा उघड झाले.

चौथ्या सोमवारी मी आठच्या आधीच पोहोचलो आणि सात क्रमांकाची गन स्वतः हातात घेतली. बॅटरी पूर्ण उतरलेली होती. दुसरी भरलेली बॅटरी घालून यंत्र चालू केले, अपेक्षेप्रमाणे वाय-फाय लागले नाही, आणि काही सुचत नाही म्हणून मी पडद्याकडे बघत राहिलो. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. टर्मिनलच्या वरच्या कोपऱ्यात मात्र ५:४१ अशी वेळ होती. कामगारांसाठी सेटिंग्ज कुलूपबंद असल्यामुळे ॲडमिनचा पिन घालून तारीख पाहिली, तर ती १ जानेवारी १९७० होती.

संगणकाच्या जगात ही तारीख ओळखीची आहे. अँड्रॉइडसकट अनेक प्रणाली काळ मोजतात तो ग्रीनिच वेळेच्या १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंदांत मोजतात. घड्याळाचे वीजपोषण तुटून आकडा शून्यावर गेला की यंत्र त्या क्षणापाशी परत जाते, आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे आपल्याकडे पडद्यावर पहाटेचे साडेपाच वाजलेले दिसतात. यंत्र सुरू होऊन अकरा मिनिटे झाली होती, म्हणून ५:४१. काही यंत्रे १९७० ऐवजी फर्मवेअर (यंत्रात मुळातच भरलेले सॉफ्टवेअर) तयार झाल्याची तारीख दाखवतात. तशी तारीख दिसायला फारशी विचित्र नसल्यामुळे ती नजरेतून सुटण्याची शक्यता उलट जास्त असते.

आता चुकीच्या तारखेचा वाय-फायशी काय संबंध, हा प्रश्न सुपरवायझरने विचारला आणि तो रास्त होता. घरच्या वाय-फायला, जिथे सगळ्यांचा पासवर्ड एकच असतो, तारखेशी काहीही देणेघेणे नसते. आमच्या गोदामात मात्र प्रत्येक टर्मिनलची ओळख रेडियस सर्व्हरवर, म्हणजे कोणाला आत घ्यायचे ते ठरवणाऱ्या संगणकावर, तपासली जाते आणि त्या वेळी सर्व्हरही आपले सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, टर्मिनलला दाखवतो. प्रत्येक सर्टिफिकेटवर ‘या तारखेपासून’ आणि ‘या तारखेपर्यंत’ अशा दोन मर्यादा असतात. १९७० मध्ये वावरणाऱ्या टर्मिनलच्या दृष्टीने ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेले नाही, म्हणून ते त्यावर विश्वास ठेवत नाही आणि बोलणे अर्ध्यावर तोडते. यंत्राच्या पडद्यावर फक्त ‘ऑथेंटिकेशन एरर’ असे येते, त्यावरून बघणाऱ्याला वाटते की पासवर्ड चुकला. खरी अडचण अशी की टर्मिनलला बरोबर वेळ नेटवर्कवरूनच मिळणार असते आणि नेटवर्कमध्ये शिरायला आधी बरोबर वेळ लागते. आधी कोंबडी की आधी अंडे, तसलाच हा प्रकार.

मग फॅक्टरी रीसेटने काम का होत असे? कारण रीसेट झाल्यावर मांडणी उतरवून घेण्यासाठी सुपरवायझर ती गन स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडत असे. हॉटस्पॉटला सर्टिफिकेट लागत नाही; जोडणी होताच यंत्राला इंटरनेटवरून वेळ मिळे, तारीख सुधारे, आणि त्यानंतर गोदामाचे नेटवर्क तिला आनंदाने आत घेई. औषध हॉटस्पॉटचे होते आणि नाव रीसेटचे झाले. हॉटस्पॉटला दोन मिनिटे जोडून सोडले असते तरी पुरले असते.

राहिला प्रश्न बॅटरी रविवारीच का उतरते याचा. शनिवारी रात्री सगळ्या गन क्रेडलमध्ये ठेवल्या जात होत्या, हे मी स्वतः पाहिले होते. वॉचमन काकांना विचारल्यावर उलगडा झाला. शेजारच्या गाळ्यात पूर्वी कधी शॉर्टसर्किट झाले होते, तेव्हापासून सुट्टीच्या आदल्या रात्री ऑफिसच्या बाजूचा मेन स्विच खाली करायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. क्रेडलचा बोर्ड त्याच मेनवर होता. शनिवारी रात्री आठपासून सोमवारी सकाळी आठपर्यंत म्हणजे छत्तीस तास ही यंत्रे वीज नसलेल्या क्रेडलमध्ये बसून राहत, आणि पडदा बंद असताना वाय-फाय चालू ठेवायची सेटिंग असल्यामुळे बॅटरी हळूहळू संपत जाई. नव्या बॅटरीच्या सात गन तग धरत. ज्या पाच यंत्रांच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या आणि ज्यांच्यातला घड्याळ जिवंत ठेवणारा छोटा बॅकअप सेलही मेला होता, ती १९७० मध्ये जाऊन बसत. काकांनी केले ते गाळ्याच्या काळजीपोटीच, त्यामुळे त्यांच्यावर ठपका ठेवण्याचे कारण नव्हते.

यावर आम्ही केले ते असे. क्रेडलचा बोर्ड सर्व्हर ज्या स्वतंत्र लाइनवर आहे तिकडे हलवला, कारण ती लाइन कधीच बंद केली जात नाही. जुन्या पाच बॅटऱ्या बदलल्या. एवढ्यावर सोमवारचा त्रास थांबला असता, परंतु एखादी गन कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आठवडाभर राहणारच, हे गृहीत धरून आणखी एक तजवीज केली. साध्या पासवर्डचे दुसरे एक वाय-फाय नेटवर्क तयार केले, ज्यावरून फक्त यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता देणारी डीएचसीपी सेवा, गोदामातला टाइम सर्व्हर आणि टर्मिनलची मांडणी सांभाळणारी प्रणाली एवढ्यांपर्यंतच पोहोचता येते. बाकी सगळे फायरवॉलने बंद आहे. वेळेसाठी यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट (वेळेचे संदेश ज्या वाटेने जातात ती) उघडे ठेवावे लागते, आणि टर्मिनलला टाइम सर्व्हर म्हणून इंटरनेटवरचा न देता हाच स्थानिक सर्व्हर द्यावा लागतो. हे विसरले तर ते दुसरे नेटवर्क असून नसल्यासारखे होते. वेळ जुळल्यावर टर्मिनल आपण होऊन मुख्य नेटवर्कवर परत जातेच असे नाही, तसा नियम मांडणीतच घालावा लागतो. शिवाय काही वेळा अपयशी प्रयत्न बरेच झाल्यामुळे अँड्रॉइड मुख्य नेटवर्क तात्पुरते बाजूला टाकते. अशा वेळी वाय-फाय एकदा बंद करून चालू करावे. ज्या टर्मिनलमध्ये मोबाइलचे सिम आहे त्यांना वेळ मोबाइल कंपनीच्या नेटवर्ककडून मिळत असल्यामुळे हा प्रश्न सहसा पडत नाही.

एक पळवाट मुद्दाम सांगतो, कारण ती अनेक ठिकाणी सर्रास सुचवली जाते. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांवरील टर्मिनलच्या वाय-फाय सेटिंगमध्ये ‘सर्टिफिकेट तपासू नका’ असा पर्याय असतो आणि तो निवडला की तारीख काहीही असली तरी जोडणी होते. ती होते हे खरे, परंतु मग बाहेर टेम्पोत बसून कोणी आपल्याच नेटवर्कच्या नावाचा खोटा ॲक्सेस पॉइंट चालू केला, तर टर्मिनल त्यालाही आपली ओळख देऊन टाकील. घड्याळाच्या दुखण्यासाठी दाराचे कुलूप काढणे मला पटत नाही.

रीसेटमुळे लागलेली दुसरी पीडा

रीसेटचा एक दुष्परिणाम आमच्या उशिरा लक्षात आला. काही गन वाय-फायला व्यवस्थित जोडलेल्या असूनही ‘अडकल्या’ अशी तक्रार येई. बघितले तर बारकोड वाचला जात होता, आकडे रकान्यात उमटत होते, पण पुढच्या रकान्यात कर्सर जात नव्हता. बारकोडमागे एंटर पाठवण्याची जी सेटिंग असते, ती मूळ स्थितीत बंद असते आणि रीसेटनंतर कोणी ती चालू केली नव्हती. कामगाराला हे यंत्र हँग झाल्यासारखेच वाटते आणि वहीत नोंद होते ती पुन्हा ‘नेट गेलं’ अशीच.

त्याहून घातक होते ते बाहेरच्या खोक्यांवरचे चौदा आकडी कोड. ते छापण्याच्या इंटरलीव्हड टू ऑफ फाइव्ह या बारकोड पद्धतीत किरण तिरका पडून कोडच्या कडेने बाहेर गेला, तर अर्धाच भाग वाचला जाऊनही तो पूर्ण आणि बरोबर कोड म्हणून स्वीकारला जाऊ शकतो. म्हणूनच अशा कोडच्या वर-खाली जाड काळ्या पट्ट्या छापतात. टर्मिनलमध्ये या पद्धतीची लांबी नेमकी १४ अशी बांधून ठेवली तर असे अर्धवट वाचन नाकारले जाते. आमची ती मर्यादा रीसेटमध्ये पुसली गेली होती आणि काही खोकी आठ-दहा आकड्यांनी नोंदली गेली, जी नंतर सॉफ्टवेअरला सापडेनात. त्यामुळे रीसेट करणे अटळच असेल तर आधी पूर्ण मांडणीची फाइल हाताशी असावी. आणि स्कॅनरच्या छापील पुस्तिकेतील मांडणीचे बारकोड वाचण्याची सोय कामगारांच्या खात्यात बंद ठेवावी; जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून कुणीतरी त्या पानावर ट्रिगर दाबतो आणि गन मूळपदावर जाते, हे माझ्या डोळ्यांदेखत झाले आहे.

सहावी गल्ली

सोमवारचा त्रास मिटल्यावर वहीत जे उरले ते सगळे एका जागेचे होते. क्रमांक कोणताही असो, जागा रॅकची सहावी गल्ली. येथे दोष खरोखरच वाय-फायचा होता, मात्र आम्ही शोधत होतो त्या प्रकारचा नव्हता, कारण पडद्यावर तीन-तीन काड्या पूर्ण दिसत असत.

सहा क्रमांकाच्या गल्लीत फळांच्या रसाचे आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचे खोके छतापर्यंत रचलेले आहेत. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषते आणि लोखंडी रॅक त्या परतवतात. ॲक्सेस पॉइंट बसवणाऱ्यांनी रेंज मोजली होती ती गोदाम रिकामे असताना, त्यामुळे कागदावर ही गल्ली इतरांइतकीच चांगली होती. टर्मिनलवरून गेटवेला (नेटवर्कच्या मुख्य राउटरला) सतत पिंग लावून, म्हणजे उत्तर मागणारे छोटे संदेश पाठवत, मी गल्लीत चालत गेलो. चौथ्या खांबापर्यंत उत्तरे येत होती, पाचव्याला थांबली, काड्या मात्र तशाच राहिल्या. काड्या फक्त एवढेच सांगतात की टर्मिनलला ॲक्सेस पॉइंट ऐकू येतो आहे. ॲक्सेस पॉइंटला टर्मिनल ऐकू येते की नाही, हे त्यांना माहीत नसते. धक्क्याजवळचा ॲक्सेस पॉइंट २० डीबीएम (सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक), म्हणजे १०० मिलिवॉट शक्तीने ओरडत होता आणि टर्मिनल १४ डीबीएमने, म्हणजे सुमारे २५ मिलिवॉटने, कुजबुजत होते. शिवाय त्याचा आवाज लांबवर पोहोचत असल्यामुळे टर्मिनल त्यालाच धरून राही आणि डोक्यावरच्या जवळच्या ॲक्सेस पॉइंटकडे वळत नसे.

उपाय ऐकायला उलटा वाटतो. आम्ही ॲक्सेस पॉइंटची शक्ती वाढवली नाही, ती टर्मिनलच्या पातळीला उतरवली. शक्ती कमी होताच दूरचा सिग्नल लवकर फिका पडू लागला आणि टर्मिनल वेळेवर जवळचा धरू लागले. सहाव्या गल्लीवरचा ॲक्सेस पॉइंट रॅकच्या माथ्यावर होता, तो गल्लीच्या मोकळ्या पट्ट्यावर आणला. कामाच्या प्रत्येक जागी टर्मिनलवर उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, आकडा दिसावा, असे धोरण ठेवून आणि रॅक भरलेले असताना पुन्हा मोजणी केली.

चॅनेलच्या, म्हणजे वाय-फाय ज्या लहरींच्या पट्ट्यांवर चालते त्यांच्या, बाबतीत थोडक्यात: २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हेच एकमेकांवर न चढणारे चॅनेल आपल्या उपयोगाचे आहेत आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. एमआयडीसीत भिंतीला भिंत लागून गाळे असल्यामुळे शेजाऱ्यांचे राउटर याच तीन चॅनेलवर गर्दी करतात, म्हणून टर्मिनलला ५ गिगाहर्ट्झ चालत असेल तर तेच वापरावे. तेथे ३६ ते ४८ हे चॅनेल आधी घ्यावेत. ५२ पासून १४४ पर्यंतच्या चॅनेलवर रडारची चाहूल लागली की ॲक्सेस पॉइंटला जागा सोडावी लागते. शिवाय या चॅनेलवर टर्मिनलला स्वतः हाक मारता येत नाही, ॲक्सेस पॉइंटच्या बीकनची (‘मी येथे आहे’ सांगणाऱ्या संदेशाची) वाट पाहावी लागते, आणि तो साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येतो. चालता चालता दहा-बारा चॅनेल असे तपासायचे म्हटले तर सेकंदाहून जास्त वेळ जातो आणि तेवढ्यात टर्मिनलचे सर्व्हरशी चालू असलेले सत्र तुटू शकते. म्हणून टर्मिनलमध्येही शोधण्याच्या चॅनेलची यादी आपण वापरत असलेल्या चॅनेलपुरतीच मर्यादित करावी. ही सेटिंग फार कमी जण बघतात आणि तिचा गुण लगेच येतो.

चालता चालता एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जलद हस्तांतर व्हावे यासाठी ८०२.११आर ही वाय-फायमधली सोय चालू करावी असा सल्ला मिळतो. नव्या टर्मिनलना त्याचा फायदा होतो, पण आमच्याकडे विंडोज सीई या जुन्या प्रणालीवरची दोन यंत्रे आहेत आणि ती सोय चालू करताच ती नेटवर्कला जोडलीच जाईनात. त्यांच्यासाठी वेगळे नेटवर्क ठेवले आहे, ही दोन यंत्रे निवृत्त होईपर्यंत तरी.

महिन्यातून एकदा कधीतरी भर दुपारी एखादी गन ‘पत्ता मिळत नाही’ म्हणून अडते, तेव्हा आधी डीएचसीपीची यादी बघावी. २५४ पत्त्यांची यादी कामगारांच्या मोबाइलनी भरून टाकलेली असते आणि विंडोज सर्व्हरवर एका पत्त्याची मुदत मूळ स्थितीत ८ दिवसांची असते, म्हणजे सोडून गेलेला फोनही आठवडाभर जागा अडवून बसतो. टर्मिनलचे नेटवर्क वेगळे करणे हाच त्यावरचा इलाज.

शीतगृहातल्या दोन गन अजून अधूनमधून कुरकुरतात. उणे १८ अंशांच्या खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आल्या की वाचनाच्या काचेवर बाष्प धरते आणि बारकोड वाचला जात नाही; पावसाळ्यात तर हमखास. वहीत तेव्हाही ‘नेट गेलं’ असेच लिहिलेले असते. आता त्या खोलीच्या दाराशी मऊ कापड टांगून ठेवले आहे, आणि कापडाने पुसूनही गन चालली नाही तरच मला फोन करायचा, असे ठरले आहे.